पार्सलावर लिहिलेली किंमत

दुष्काळात आमची दूध संस्था बंद पडली तेव्हा मी तिचा सचिव होतो. गावची जनावरं कडा गावाजवळच्या चारा छावणीत गेली होती आणि डेअरीतले कॅन पालथे पडले होते. मी मात्र रोज कुलूप उघडून टेबलाशी बसायचो, कारण संस्थेचे पोटनियम मला तोंडपाठ होते आणि दूध नसेल तर सचिवाने घरी बसावं असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. नियम वाचायची मला खोडच. गावात कुणाला कसलाही सरकारी कागद आला की तो आधी माझ्याकडे यायचा.

त्या वर्षी आमच्याच घरचा कागद आला. धाकटा भाऊ आखातात कामाला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याने मायसाठी टेपरेकॉर्डर पाठवला होता आणि त्यात स्वतःच्या आवाजाची कॅसेट. मायला वाचता येत नव्हतं. त्याची पत्रं मी वाचून दाखवायचो आणि ती म्हणायची, "तू वाचलं की तूच बोलल्यावानी वाटतंय रं. त्याचा आवाज ऐकून लई दिस झाले."

पार्सल मुंबईत कस्टमने अडवलं होतं. ड्यूटी भरा, नाहीतर मुदत संपल्यावर पार्सल परत जाईल, असं कागदावर होतं. ड्यूटी आमच्या ऐपतीबाहेरची होती. पार्सल परत जाणार म्हणजे त्याचा आवाजही परत जाणार, एवढंच मायला कळलं आणि तिने जेवण सोडलं.

मी बीडला जाऊन ओळखीच्या वकिलाकडून कस्टमचं पुस्तक आणलं. दोन दिवस वाचल्यावर उलगडा झाला. परदेशातून आलेल्या भेटवस्तूला ठरावीक किमतीपर्यंत सूट असते, आणि किंमत धरतात ती पाठवणाऱ्याने फॉर्मवर लिहिलेली. भावाने तिथे भलीमोठी किंमत लिहून ठेवली होती. आमच्याकडे लग्नात आहेर माईकवरून पुकारतात. पुकारणारा दोन शब्द वाढवूनच सांगतो आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही, त्यात देणाऱ्याची शोभा असते. भावाने मायचा आहेर कस्टमच्या फॉर्मवर पुकारला होता.

खरेदीची पावती दाखवली तर ड्यूटी पुन्हा ठरवता येते, असाही नियम सापडला. मी लगेच भावाला लिहिलं, "खरी पावती पाठव. उगाच फुशारकी मारून ठेवलीस." दुसऱ्या वाक्याची काही गरज नव्हती. नियम सापडल्याच्या तोऱ्यात लिहून गेलो.

पावती आली. जुनं सामान विकणाऱ्या दुकानाची होती. चार वर्षं तो सुपरवायझर असल्याचं लिहीत होता, आणि पावतीवर गिऱ्हाइकाच्या पत्त्यात मजुरांच्या कॅम्पचं नाव होतं. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, "मायला यातलं काही सांगू नको." मला माझीच लाज वाटली. तरी पावती मुंबईला पाठवली. ड्यूटी माफ झाली आणि पार्सल घरी आलं.

मायने आळीतल्या बायका गोळा केल्या. "लई भारीतला हाय," मी सगळ्यांना सांगितलं. भाऊ कॅसेटमध्ये मायशी बोलला, म्हशीची चौकशी केली, आणि शेवटी म्हणाला, "दादा, मायला माझी पत्रं तूच वाचून दाखवत जा. दुसऱ्या कुणाला देऊ नको. तुझ्यासारखं कुणी वाचत न्हाई." माय रडली. मीही रडलो, कारण हे बोलताना त्याला माझं पत्र मिळालेलं नव्हतं.

त्यानंतरचं पत्र शाळेच्या गुरुजींच्या नावाने आलं. त्याच्या पुढचंही. माय दुपारी डोक्यावर पदर घेऊन गुरुजींकडे जायची आणि ऐकून यायची. मी डेअरीच्या दारात उभा राहून तिची वाट बघायचो.

"काय म्हणतो?" मी विचारायचो.

"बरा हाय म्हणतो." मग ती म्हणायची, "तो तुला कावून लिवत न्हाई रं? काय झालंय तुमच्यात?"

"मायला यातलं काही सांगू नको" हीच त्याने मला लिहिलेली शेवटची ओळ होती. मी म्हणायचो, "काही न्हाई माय. कामात असंल."