नेटवर्क कार्ड सापडलं नाही

कंधारच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत होतो, तेव्हा नव्या मशिनी आल्या. आमच्या लॅबमध्ये मशिनींना स्वतःची हार्ड डिस्क नसायची. चालू होताना त्या नेटवर्कवरून सर्व्हरवरची सिस्टीम उचलायच्या. नव्या मशिनींचं नेटवर्क कार्ड मशिनी चालू करून देणाऱ्या आमच्या जुन्या बूट फाइलला ओळखीचं नव्हतं. तिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा जोड, टाकायला हवा होता आणि त्याला दोन दिवस हवे होते. प्राचार्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "उद्घाटनाचे पाहुणे लातूरहून निघालेत अन् तुम्ही पॅच काय सांगायलाव? पडद्यावर काहीतरी दिसलं म्हणजे झालं!"

स्वतःचे ईमेल शिपायाकडून उघडून घेणारा माणूस मला हे सांगत होता.

पाहुणे आले. नारळ फुटला, मॉनिटरला हार पडला, माउसला हळदीकुंकू लागलं. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली: नेटवर्क कार्ड सापडलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजी शिकवणारे प्राध्यापकही जोरात वाजवत होते. "लई फास्ट हाय हो," पाहुणे म्हणाले.

दोन दिवसांनी मी पॅच टाकला आणि सगळ्या मशिनी खरोखर चालू झाल्या. तेवढ्यात प्राचार्य दारातून डोकावले. पडद्यावरचा लॉगिनचा चौकोन बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उद्घाटनाला चांगली अक्षरं येत होती," ते म्हणाले. "बिघडवलं ना शेवटी?"