मोट, घोडा आणि जहाजाचा नांगर

अमरावतीच्या परकोटाबाहेर माळ्यांचे मळे होते, त्यांतल्या एका मळ्यात जयवंता राहत होती. तिची जीभ तिखट, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. ती वांगी-मिरच्यांची टोपली घेऊन बसली की घासाघीस करायला गिऱ्हाईक कचरायचं. पण पुढे तिच्या ज्या रागाची गावभर चर्चा झाली, तो भाजीपायी नव्हता. तो एका फडक्यापायी होता.

तिचा नवरा गोवर्धन मळ्याच्या कोपऱ्यात तालीम चालवायचा. मळ्यातल्या पोरांनी दिवसभर विहिरीवर मोट हाकायची आणि दिवस कलला की त्याच पोरांनी मातीत उतरायचं. जत्रेच्या दंगलीत जो तो आखाडा आपला रंग आणि आपलं निशाण घेऊन यायचा. जयवंता बांधावर करडई लावायची. तिच्या फुलांचा कुसुंबी रंग काढून तालमीतले सगळे फेटे आणि जांघिये ती स्वतः रंगवायची. कुसुंबा उन्हानं उडतो, म्हणून दरवर्षी नव्यानं रंगवायची. निशाणावर मात्र काय लावावं हे कोणाला सुचेना, तेव्हा तिनं पांढऱ्या मांजरपाटाची मोट कापून शिवली. पाणी ओढणाऱ्यांच्या निशाणावर दुसरं काय असणार?

पहिल्या वर्षी लोक हसले. "कुस्ती खेळाले आले का वांग्याले पानी द्याले?" असं विचारू लागले. मग मळ्यातल्या पोरांनी ओळीनं कुस्त्या मारल्या आणि हसणारेच त्यांना मोटवाले म्हणू लागले.

गोवर्धन पटकीच्या साथीत गेला. तालीम त्याच्या धाकट्या भावाकडे, भगवंताकडे आली. जयवंताचा मुलगा चंद्रभान तोवर तालमीतला पहिला गडी झाला होता.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खुशालराव नावाचे एक बडे जमीनदार अमरावतीत अडत्या होऊन बसले. गाठी बांधायच्या, त्यांवर घोड्याचा छाप मारायचा आणि मुंबईला पाठवायच्या, हा त्यांचा धंदा. एके दिवशी ते तालमीत आले ते दुभती म्हैस आणि बदामाचं पोतं घेऊनच.

"भगवंता, पोरायले खुराक कमी पडून रायला. आजपासून तो माह्याकडं लागला," ते म्हणाले. "फक्त निशानावर आपला घोडा लाव. दंगलीले सारा मुलूख जमते. लोकायले छाप दिसला पाह्यजे."

महिनाभरानं जयवंता बाजारातून परतली तेव्हा भगवंत ओसरीवर बसून कात्रीनं मोटेचे टाके उसवत होता. टोपली तिच्या डोक्यावरच राहिली.

"भाऊजी, हे काय करून रायले तुमी?"

"घोडा लावाचा हाय, वयनी. चिंधीच तं हाय."

"चिंधी? तुमच्या भावानं हे निशान खांद्यावर घेऊन बहिरमची जत्रा मारली. तवा चिंधी नोती!"

"पोरायले दूध भेटून रायलं. तुले पोटाचं पाह्यजे का फडक्याचं?"

तो खोटं बोलत नव्हता, याचाच तिला जास्त संताप आला. चंद्रभानच्या अंगावर मांस चढत होतं, हे तिला दिसत होतं. तिनं उसवलेली मोट उचलली, चुलीत घातली आणि त्या दिवसापासून भगवंताच्या ताटात भाकर वाढली ती आपटूनच.

पुढच्या साली घोडाही गेला. खुशालरावांनी मुंबईच्या कुठल्याशा पेढीशी सौदा केला आणि गाठींवर त्या पेढीचा छाप आला. कुसुंबी रंगही गेला. फेटे, जांघिये, निशाण सारं गडद निळं, तेही शिंप्याकडून शिवून आलेलं. निळ्यावर पांढरं, दोन टोकं वर वळलेल्या आकड्यासारखं काहीतरी होतं.

"हे काय हाय?" जयवंतानं विचारलं.

"नांगर," भगवंत म्हणाला.

"नांगर? मी मातीतच जल्मली, भाऊजी. याले जू कुठी बांधता? फाळ कुठी हाय?"

"जहाजाचा नांगर हाय तो. समुद्रात टाकतात."

"कोनं पाह्यला समुद्र? तुमी पाह्यला?" ती ओरडली. "ज्या पोरायनं तापी पाह्यली नाई, ते समुद्राचा नांगर कमरेले बांधून नाचाले चालले!"

भगवंत उठून गेला. तिच्या तोंडी लागणं त्यानं सोडूनच दिलं होतं. त्या साली बांधावरच्या करडईची फुलं तिनं खुडलीच नाहीत.

पौषात बहिरमची जत्रा भरली. बायका दंगलीच्या मैदानापासून लांब, गाड्यांवर उभ्या राहून पाहत. जयवंताही तशीच उभी होती. समोरून अकोटची तालीम आली. अकोटवाले म्हणजे हळदीचे फेटे आणि निशाणावर मोर, हे तिनं लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं. पण आज त्यांचेही फेटे निळे होते आणि त्यांच्याही निशाणावर तोच जहाजाचा नांगर होता. खुशालरावांनी अकोटचा आखाडाही पदरी घेतला होता. डफडेवाले गोंधळले. कोणत्या बाजूनं वाजवावं तेच त्यांना कळेना.

चंद्रभान पाणी प्यायला गाडीपाशी आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं रे?"

"माय, आज पडाचंही नाई अन् पाडाचंही नाई. अकोटच्या सूर्यभानलेही तसंच सांगितलं. मुंबईचा गोरा खरीददार येऊन बसला हाय. त्याच्यासमोर नांगरवाला हरलेला दिसू नये म्हनतात. काकानं गळ्याची आन घातली."

जयवंता गाडीवरून उतरली. बायकांनी तिचा पदर ओढला, तो तिनं हिसडून सोडवला. पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत ती थेट मैदानाच्या कडेला गेली. चंद्रभान आणि सूर्यभान एकमेकांच्या माना धरून नुसते डुलत होते. लोक कंटाळून खडे मारू लागले होते. खुशालराव खुर्चीवर बसून त्या साहेबाला काहीतरी समजावत होते.

"भगवंता!" ती कडाडली. दिराला तिनं आजवर नावानं हाक मारली नव्हती. "मोट काढली, मी आग गिळली. रंग बदलला, गिळली. आता पोराची कुस्तीही इकली का तू? तुह्या भावाच्या तालमीत खोटी कुस्ती! लाज कशी वाटत नाई तुले?"

भगवंत खाली पाहू लागला. खुशालराव अर्धवट उठले. "या बाईले हटवा!" ते म्हणाले, पण हात लावायला कोणी पुढे येईना.

मग सूर्यभान वाकला. त्यानं मूठभर माती घेतली आणि आपल्या जांघियावरच्या नांगरावर खसखसून चोळली. तोही अकोटपासून धुमसतच आला होता.

"ये बा," तो चंद्रभानला म्हणाला, "आता खरी धर."

कुस्ती अशी झाली की धुळीत माणसं दिसेनात. चंद्रभाननं दोनदा पकड साधली, दोन्ही वेळा सूर्यभान निसटला. शेवटी सूर्यभाननं त्याला उचलला आणि पाठीवर आपटला. गर्दीनं फेटे उडवले. डफडं बेभान वाजू लागलं.

धूळ झटकत चंद्रभान आईपाशी आला. आपला मुलगा हरला, याचाही तिला रागच आला होता.

"डावा पाय काहून पुढं टाकला?" ती म्हणाली. "खरीच खेळाची तं नीट खेळाची!" आणि तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं.

खुशालरावांची माणसं दुसऱ्याच दिवशी म्हैस सोडून घेऊन गेली. तालीम फुटली. भगवंत घर सोडून खुशालरावांच्या गाठी राखायला गेला. चंद्रभाननं विहिरीच्या पलीकडे नव्या आखाड्यासाठी माती खणली आणि आईला म्हणाला, "मोट शिवून दे."

"नाई," जयवंता म्हणाली. "ते निशान तुह्या बापाचं होतं. तुमी सारे घोडा लावून मिरवत होते, तवा एकानं तरी नाई म्हटलं का?"

त्यानं खूप मनधरणी केली, पण ती हलली नाही. शेवटी त्याची पोरं बिननिशाणाचं, नुसतं कुसुंबी कापड काठीला बांधून दंगलीला जाऊ लागली. रंग तेवढा तिनं दिला.

दोन वर्षांत अमेरिकेची लढाई थांबली, कापूस गडगडला आणि खुशालराव धंदा गुंडाळून गावी गेले. भगवंत एका दुपारी मळ्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. अंगानं वाळला होता. काखेत कोऱ्या कापडाची घडी होती.

"वयनी, पोरायसोबत मातीत उतरावं म्हंतो. फेटा रंगवून देता का?"

जयवंता वांग्याला पाणी देत होती. तिनं वर पाहिलं नाही. वाफे भरून होईस्तोवर तो उन्हात उभा राहिला. चंद्रभाननं त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला, तो तिनं नजरेनंच परत पाठवला.

"ठेवून जाय ते कापड," ती शेवटी म्हणाली. "अन् घरात येऊ नको."