पांढऱ्या काठाची तगर

वसतिगृहाच्या आवारात पूर्ण हिरवं पान बाईंना चालत नसे. बाई म्हणजे आमच्या वॉर्डन. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. खेड्यातल्या मुलींसाठी भाड्याच्या इमारतीत वसतिगृह निघालं आणि नांदेडहून येताना बाईंनी पांढऱ्या काठाच्या पानांची तगर आणून फाटकाच्या दोन्ही अंगांना लावली.

सकाळी चहाच्या आधी त्या कात्री घेऊन झाडांपाशी जायच्या. मधूनच एखादी फांदी साध्या हिरव्या पानांची निघायची आणि इतरांपेक्षा जोरात वाढायची. बाई ती बुडापासून कापत. इतकी चांगली फांदी का तोडता, असं मी एकदा विचारलं.

"हिला सोडलं तर सगळं झाड हिरवं करून टाकती," त्या म्हणाल्या. "पांढऱ्याला जपावं लागतं गं."

बाई नायगावकडच्या, शेतमजूर बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी त्याच. हे त्या क्वचित सांगत. पण दिवेलागणीला पुस्तक न उघडलेली मुलगी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. डोकं दुखतंय म्हटलं की बाम मिळे, सुट्टी नाही.

पुढे एका वर्षी पावसाने दडी मारली. हिवाळा सरता सरता बोअर आटला, टँकरचा भरवसा उरला नाही. पाऊस पडेपर्यंत मुलींना घरी पाठवा, असं संस्थेच्या सचिवांनी सांगितलं. आमची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"घरी गेलेल्या सगळ्या परत येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पाण्याचं मी बघते."

औसा रस्त्याला एका शेतकऱ्याच्या विहिरीला थोडं पाणी होतं. त्याला गळ घालून बाई बैलगाडीतून टिपाडं भरून आणू लागल्या. आमची आंघोळ दिवसाआड झाली, भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. तगरीला थेंब मिळेना. पांढरी पानं करपून गळाली. बुडातून तेवढे हिरवे फुटवे आले. बाई कात्री घेऊन गेल्या, वाकून पाहिलं आणि तशाच परतल्या. "जगायलंय तर जगू द्या," एवढंच म्हणाल्या.

पाणी नसल्याचं कानावर जाताच वडील येऊन मला गावी, चाकूरला घेऊन गेले. पुस्तकं पेटीत राहिली आणि मी आईबरोबर लांबच्या विहिरीवर घागरी घेऊन जाऊ लागले. आठवडाही झाला नसेल, भर उन्हात बाई एसटीने आमच्या दारात आल्या. आईने तांब्या पुढे केला.

"पाणी नको," बाई वडिलांकडे वळून म्हणाल्या. "पोरगी द्या, दादा."

"तिथं पाणी न्हाई म्हणूनच आणली, बाई."

"माझ्या वाट्याचं देईन तिला."

वडील मग उठले, माझी पेटी खांद्यावर घेतली आणि स्टँडकडे पुढे चालू लागले.

मी पास झाले, शिक्षिका झाले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा फाटकाची तगर पुरती हिरवी आणि फुलांनी लगडलेली होती. नव्या वॉर्डनना ती काढून शोभेची झाडं लावायची होती. "दुष्काळ काढलाय तिनं," म्हणून बाईंनी ती राखली.

गेल्या उन्हाळ्यात बाई वारल्या. माझ्या वर्गातली एखादी मुलगी दिसेनाशी झाली की मी निरोप धाडत नाही. शाळा सुटली की तिच्या गावची एसटी पकडते.