गोळी लिहिण्याआधी एक फोन कराल का?

मंडळी, आज ताईला कंबरदुखीसाठी कोपरीत डॉक्टरांकडे नेलेलं. "ती बायपोलरची औषधं घेते," मी सांगितलं. ते म्हणाले, "ते मानसोपचारवाले बघतील." माझं डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत हेच ऐकलेलं. तेव्हा लिथियम या बायपोलरच्या औषधावर सावरलेली ताई मानपाड्याच्या कंपनीत ड्रॉइंग काढायची. फॅमिली डॉक्टरांनी तिला गुडघेदुखीची गोळी दिली. त्या गोळीने रक्तातलं लिथियम इतकं वाढलं की ती बेशुद्ध पडली. ठाण्याचे मानसोपचारतज्ज्ञ कळवळून म्हणाले, "अहो, त्यांनी मला एकदा विचारायचं तरी!" ताई वाचली, पण हात कायमचे थरथरत राहिले. नोकरी सुटली.

आज मी खुर्ची सोडली नाही. "आधी तिच्या डॉक्टरांशी बोला." शेवटी ते फोनवर बोलले, आणि लिहिलेली गोळी बदलली.

पेशंट एकच ना? मग डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून आपण का भांडायचं?