कॉलेजचा नमुना पाठवा

रहीम, सदाशिव आणि मी, तिघांपैकी कुठलेही दोन भेटले की कॉलेजचा विषय निघतो आणि ताटातलं जेवण थंड होतं. एकाचा किस्सा संपत नाही तोच दुसरा म्हणतो, "अरे, हे तर काहीच नाही!" घरच्यांना सगळे पाठ आहेत. तरी लिहून ठेवतो, कारण हल्ली सदाशिव माझे किस्से स्वतःच्या नावावर खपवू लागला आहे.

तेव्हा अमेरिकेत लढाई पेटली होती आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ संपत नसे. कुणाला दोन घास नीट बसून खायची फुरसत नव्हती. अशा दिवसांत आम्हा तिघा दलालांच्या पोरांना बळवंत मास्तरांनी इंग्रजी शिकवून बिघडवलं! मॅट्रिक झाल्यापासून आमचे पाय जमिनीवर ठरेनात. कॉलेजात जायचंच.

दोन कॉलेजं डोळ्यांसमोर होती. एक मुंबईचं मोठं सरकारी, दुसरं पुण्यातलं लहानसं खासगी. दुसऱ्यात तीसेक मुलं आणि चालवणारा एक साहेब.

*

निवड केली दादाजींनी. दादाजी म्हणजे सदाशिवचे आजोबा, बाजारातले कापसाचे सगळ्यात जुने पारखी. आम्ही दोन्ही कॉलेजांची माहिती वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते.

"लहानच बरं," दादाजी म्हणाले. "ढीग जेवढा मोठा, तेवढी भेसळ मोठी!"

निवड झाली, पण न पाहिलेला माल घेतील तर ते दादाजी कसले. त्यांनी मास्तरांना समोर बसवून साहेबाला पत्र लिहायला लावलं: 'आपले कॉलेज पसंत आहे. सौदा करण्यापूर्वी तयार झालेला एक मुलगा नमुन्याला पाठवा.'

मास्तर कपाळाला हात लावून बसले. "अहो, असं कॉलेजला लिहीत नाहीत!"

"मंग कापसाची गठाण न फोडताच घेता का तुमी?"

पत्र गेलं. आम्ही शरमेनं चार दिवस मास्तरांकडे फिरकलो नाही.

आणि महिन्याभरात नमुना आला! नागपूरला घरी निघालेला एक विद्यार्थी साहेबानं खरोखरच वाट वाकडी करून पाठवला. दादाजींनी त्याला बाजारात खाटेवर बसवलं. भोवती पन्नास माणसं.

"काय शिकवतेत बाप्पा तिथं?"

"तर्कशास्त्र, इतिहास, काव्य."

"मंग यातलं इकता येते काय?"

"नाही."

"कोनीच घेत नाही?"

"नाही."

"मंग शिकून काहून राहिला?"

त्या बिचाऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आवडतं म्हणून."

दादाजींनी त्याला जेवू घातलं, बैलगाडीत बसवून दिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "पोरगं खोटं नाही बोललं. माल चांगला आहे!"

*

अर्जासोबत चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता, कुणातरी प्रतिष्ठित माणसाचा. रहीमनं दादाजींनाच गाठलं. त्यांना आयुष्यात एकच प्रकारचा दाखला माहीत होता. त्यांनी लिहून दिलं:

'रहीम यास लहानपणापासून पारखले आहे. कोरडा आहे. कचरा नाही. धागा लांब. दाबला तर परत फुगतो.'

रहीमला रडू यायचं बाकी राहिलं. दुसरा दाखला आणायला वेळ नव्हता, म्हणून तोच गेला. पुढं कॉलेजात कळलं की साहेबानं तो चौकटीत लावून टेबलामागं टांगला होता. इतर दाखल्यांवरून त्याला म्हणे काहीच कळत नसे!

*

उत्तर यायचं होतं त्या पंधरवड्यात मला घरात बसवेना, बाजारात उभं राहवेना. तारऑफिसात रोज चकरा. तिथं बाबाही असायचे, ते कापसाच्या भावाच्या तारेसाठी आणि मी माझ्या.

एका दुपारी माझी तार आली: 'प्रवेश देऊ. वडिलांसह भेटा.' मी ऑफिसच्या पायरीवर उभा राहून हसलो. एवढंच केलं!

दलालाचा पोरगा तार वाचून हसतो म्हणजे भाव चढला, असं बाजारानं धरलं. गाडीवाल्यांनी बोलणी थांबवली. काहींनी तर सोडलेले बैल परत जुंपले. बाबा धावत आले आणि तार हिसकावली. इंग्रजी येत नसल्यामुळे मलाच वाचायला लावली.

ऐकून सगळा बाजार हसला, बाबा सोडून.

*

बाबांचा नकार होता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मुंबईची इंग्रजी पत्रं वाचायला त्यांना मी लागायचो, निदान ते तसं म्हणायचे.

"असे दिवस पुन्हा येनार हायेत का? लढाई थांबू दे, मंग जा."

"लढाई काय मला विचारून थांबणार आहे?"

आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. मला त्यांचा राग येत होता, आणि एकट्यानं जेवणाऱ्या त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं. नवव्या दिवशी ते म्हणाले, "चाल. पाहून तं येऊ. हो म्हनलं नाही मी."

*

रेल्वे तेव्हा अकोल्यालाही पोचली नव्हती. बैलगाडी, मग रेल्वे, असं करत पुण्यात पोचलो. साहेब शास्त्रीबुवांकडून मराठी शिकलेला, त्यामुळे पोथीसारखं बोलायचा. "आपल्या चिरंजीवांस येथे चार वर्षे राहावे लागेल."

बाबा उठले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी साहेबाच्या हातावर टाकला आणि खाली स्वतःचा हात घातला. आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. पण इथं बाबा वर्षांचा सौदा करत होते! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"हे?" बाबा म्हणाले.

साहेबाला खूण चटकन कळली. "नाही."

"बरं, हे?"

"नाही. चारच."

रुमाल हलेना. मी छताकडे बघत उभा. बऱ्याच वेळानं बाबांनी हात काढला, रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "ठेवून घ्या." त्याच दिवशी ते परत निघाले. किती वर्षं ठरली विचारलं, तर म्हणाले, "सौदा तिसऱ्याले सांगत नसतेत."

चार वर्षांनी मी पास झालो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा साहेब हसत म्हणाला, "आपल्या वडिलांएवढा उदार दलाल मी पाहिला नाही. प्रथम दोन म्हणाले, मग तीन. मी चार मागितली, तर शेवटी त्यांनी पाचही बोटे धरली!"

अमरावतीला आल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्ही साहेबाला पाच वर्षं देऊन आला होता?"

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

"पाच? आकडा नव्हता तो, लेका. मी त्याचा हात धरला होता."