मंचावरचे सहा जण

आमच्या कॉलेजात समई पेटल्याशिवाय पान हलत नाही. साधं हस्ताक्षर प्रदर्शन असलं तरी पाहुणे, शाल, नारळ, प्रास्ताविक, सगळं यथासांग. याबद्दल माझं मत कुणी कधी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी जे बोलले असते ते छापण्यासारखं नाही. म्हणूनच गणिताची ऑनलाइन व्याख्यानं सुरू केली तेव्हा मी कुणाला फारसा पत्ता लागू दिला नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. आमच्या शहरात गारखेड्याच्या पुढं जिकडं बघावं तिकडं नव्या इमारती उठत होत्या आणि जुने बोअर कोरडे पडत होते. पुंडलिकनगरात खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरांना घरमालक सांगायला लागले, ‘बाबांनो, टाकीत थेंब नाही, गावाकडं जा.’ वर्गातली निम्मी पोरं गेली. उरलेल्यांना नुसतं बसवून कशाला ठेवायचं, म्हणून मी दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन केंद्रातल्या वयस्कर प्राध्यापकांना गळ घातली. माणूस मूळचा आपल्याकडचा, पण उभा जन्म तिकडं गेलेला. दर शनिवारी दुपारी तासभर ते पडद्यावर यायचे आणि आमच्या अभ्यासक्रमात कुठंच नसलेलं गणित सांगायचे. पहिल्या शनिवारी सगळं पोरांच्या डोक्यावरून गेलं. थोडं माझ्याही गेलं, खोटं कशाला बोलू.

त्या पोरांत लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं येणारी एक मुलगी होती. घर मेंढपाळाचं. वडील मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेलेले, घरी ती आणि आई. फळ्यावर लिही म्हटलं की झरझर लिहायची, पण तोंड म्हणून उघडायची नाही. तिनं सोडवलेली गणितं मी सरांना पाठवत असे. एकदा त्यांनीच मला फोन केला. मे महिन्यात त्यांच्या केंद्रात महिनाभराचं शिबिर होतं, राहणं-खाणं तिकडंच. तिला पाठवता येईल का?

माझा आनंद गगनात मावेना. पण सर जुन्या वळणाचे. म्हणाले, “मी कागद बघून शिफारस करत नाही. मागच्या शनिवारी जे कोडं घातलं होतं ते तिनं मला स्वतः समजावून सांगावं. शेवटच्या व्याख्यानानंतर दहा मिनिटं देतो. यादी त्याच संध्याकाळी जाणार आहे.”

कोडं ऐकायला सोपं होतं. कुठलीही सहा माणसं घ्या. त्यांत एकमेकांना ओळखणारे तिघं तरी सापडतात, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघं तरी. असं का होतं? आणि पाचच माणसं घेतली तर तसं होईलच असं का सांगता येत नाही?

“जमलंय का?” मी तिला विचारलं.

“जमलंय मॅडम. पण माणसांसमोर बोलायचं म्हणजे लई भ्या वाटतं.”

“आणि नाही बोललीस तर?”

“तर मग आईसंगं बांधकामावर. मुकादमाशी बोलणं झालंय तिचं.” हे तिनं पॅसेंजरची वेळ सांगावी इतक्या सहज सांगितलं.

आणि नेमका तेव्हाच प्राचार्यांना सुगावा लागला. “शेवटचं व्याख्यान? मग रीतसर समारोप व्हायला पाहिजे. अध्यक्षसाहेबांना बोलावतो.” आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष म्हणजे माइक दिसला की सोडत नाहीत. मी परोपरीनं सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण.

शनिवारी मंचावर सहा खुर्च्या लागल्या. मधोमध अध्यक्ष, दोन्ही बाजूंना प्राचार्य, उपप्राचार्य आणि उरलेले मान्यवर. समई झाली, स्वागतगीत झालं. मग पडद्यावरच्या पाहुण्यांचा सत्कार. उपप्राचार्यांनी लॅपटॉपला शाल पांघरली आणि वरून हार घातला. आतून सरांचा आवाज आला, “इकडं अंधार झालाय, लाइट गेली का तुमच्याकडं?” पोरं खाली माना घालून हसत होती. मी शाल बाजूला केली, पण माझा पारा चढत चालला होता.

सरांना बोलायला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. त्यानंतर अध्यक्षांनी शून्याच्या शोधापासून जी सुरुवात केली ती थांबेचना. पहिल्या बाकावर ती मुलगी ओढणीचं टोक पिळत बसली होती. सर दोनदा घड्याळाकडं बघताना पडद्यावर दिसले. तास संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा कुठं अध्यक्ष बसले. राहिलं आभारप्रदर्शन, आणि ते माझ्याकडं होतं.

मी माइक घेतला आणि सरळ तिच्या हातात दिला. म्हटलं, “आभार तू मान.”

तिला कळलं. उभी राहिली, पण शब्द फुटेना. मग तिनं मंचाकडं पाहिलं.

“मंचावर सहा जण हायेत,” ती म्हणाली. “समजा, कोण कुणाला ओळखतं ते आपल्याला ठाऊक नाय. अध्यक्षसाहेबांना धरू. राहिले पाच. पाचांत कमीत कमी तिघं त्यांच्या ओळखीचे, नायतर कमीत कमी तिघं अनोळखी. दोन्हीकडं दोन-दोनच म्हणलं तर चारच होतात.”

मंचाजवळच्या फळ्याशी जाऊन तिनं सहा ठिपके काढले, मी लॅपटॉप तिकडं वळवला. आवाज हळूहळू सुटत गेला. “तिघं ओळखीचे धरू. प्राचार्य सर, उपप्राचार्य सर आणि हे कडेला बसलेले साहेब. या तिघांत कुणीही दोघं एकमेकांना ओळखत असले, की ते दोघं आणि अध्यक्षसाहेब, झाले ओळखीचे तिघं. कुणीच कुणाला ओळखत नसलं, तर हेच तिघं अनोळखी. सुटका नाय. तिघं अनोळखी धरले तरी हिशोब असाच, फक्त उलटा.”

मंचावरचे सहाही जण एकमेकांकडं बघायला लागले.

“बरं,” पडद्यावरून सर म्हणाले, “आणि पाच?”

ती मंचाकडं वळली. मग म्हणाली, “प्राचार्य सर, तुम्ही जरा खाली येता का?”

प्राचार्य उठले, कोट सावरत उतरले आणि निमूट पोरांच्या बाकावर जाऊन बसले. माणूस वाईट नाही, हे मी त्या दिवशी मान्य केलं.

“आता पाच जण गोल बसवा. प्रत्येकजण फक्त शेजारच्या दोघांना ओळखतो. मग एकमेकांच्या ओळखीचे तिघं होत नायत आणि अनोळखीही तिघं होत नायत.” तिनं पाच ठिपके रेषांनी जोडून दाखवले आणि खडू ठेवला.

सरांनी पडद्यापलीकडून एकेक रेष तपासली. मग मला म्हणाले, “बाई, हिचं नाव यादीत घालतोय. तिकिटाचं तेवढं बघा.”

टाळ्या वाजल्या. प्राचार्य माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “पण मॅडम, आभार राहिले.” मी म्हटलं, “राहू द्या सर.” माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

बाहेर व्हरांड्यात आले तर ती आईशी बोलायला माझा फोन मागत उभी होती. मी लावून दिला.

“आई,” ती म्हणाली, “मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले.”