गार्डसाहेबांचा रेडिओग्राम

लग्न होऊन मी कल्याणहून डोंबिवलीला आले, तेव्हा आमच्या यांनी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या. त्यांना कारल्याची भाजी चालत नाही. आणि रविवारी सकाळी ते घरी नसतात, ठाकुर्लीला गाणं ऐकायला जातात.

ठाकुर्लीला एक निवृत्त रेल्वे गार्ड राहत. त्यांच्याकडे तीन वेगांनी तबकड्या वाजवणारा रेडिओग्राम होता, आणि त्याच्या स्पीकरसाठी त्यांनी सागवानी पेटी करवून घेतली होती. ती एवढी मोठी की बाहेरच्या खोलीतलं कपाट स्वयंपाकघरात गेलं. आठ-नऊ जण जमत, सगळे पुरुष. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मांडीवर ताल धरायचा नाही. गार्डसाहेब तबकडी मखमलीने पुसत, सुई टेकवत आणि हिरवं निशाण दाखवावं तसा हात वर करत.

एका रविवारी मी म्हटलं, "मीही येते."

"बायका येत नाहीत तिथे."

"मनाई आहे का?"

"मनाई नाही गं. पण कंटाळशील. शास्त्रीय असतं."

तरी गेले. मला स्वयंपाकघराच्या दारात बसवलं. तिथे गार्डीणबाई कोथिंबीर निवडत होत्या.

त्या दिवशी एका मास्तरांनी कुठूनशी एक जुनी तबकडी आणली होती. वरचा कागद इतका झिजलेला की गाणारं कोण ते वाचता येत नव्हतं. सुई टेकली आणि पेटीतून जडशीळ, संथ आवाज आला. सगळ्यांनी डोळे मिटले.

"काय खर्ज आहे!" नियम मोडून आमचे हे पुटपुटले.

"असे पुरुषी गळे आता राहिले नाहीत," मास्तर म्हणाले.

मी तिसऱ्या ओळीला गाणं ओळखलं. माहेरी शेजाऱ्यांच्या चावीच्या फोनोवर हीच तबकडी वाजायची. चावी उतरून तबकडी मंदावली की त्या गाणाऱ्या बाईंचा आवाज अस्साच व्हायचा. शिवाय त्या काळचे गायक गाणं संपलं की तबकडीतच आपलं नाव सांगत. ते आठवलं आणि मी पदर तोंडाशी धरला. गार्डीणबाईंनी नजरेनेच काय झालं विचारलं. मी त्यांच्या कानात सांगितलं.

"बोलू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटपर्यंत ऐकू दे त्यांना."

गाणं संपता संपेना. अखेर संपलं, आणि त्या घोगऱ्या आवाजाने एकेक अक्षर ओढत आपलं नाव सांगितलं. शेवटी 'बाई' होतं.

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. गार्डसाहेब वाकून रेडिओग्रामचा वेगाचा खटका बघत राहिले.

"काल भाचा आला होता," ते म्हणाले. "त्याने नव्या तऱ्हेची, हळू फिरणारी तबकडी लावली होती. खटका तसाच राहिला." मग त्यांचं लक्ष माझ्या पदराकडे गेलं. "तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायची बंदी तुमचीच ना?" माझ्याआधी गार्डीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांत आधी हसले ते गार्डसाहेबच. मग त्यांनी खटका नीट केला, मला पेटीसमोर बसायला लावलं आणि तीच तबकडी पुन्हा लावली. मी हसायच्या तयारीत होते. पण शेजाऱ्यांच्या फोनोवर ज्याची नुसती खरखर ऐकू यायची, तो तंबोरा होता हे मला त्या दिवशी कळलं. तान घेण्याआधी बाई श्वास घेत, तोही ऐकू येत होता. मी खाली सतरंजीकडे बघत बसले.

परत डोंबिवलीला आम्ही चालतच निघालो.

"मला शंका आलेली," वाटेत हे म्हणाले.

"कधी?"

"साधारण मध्यावर."

"डोळे मिटून मान डोलवत होतात तेव्हा?"

"ऊन चढतंय, जरा पाय उचल," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी आणखी दोघींनी नवऱ्यांबरोबर यायचं ठरवलं आणि गार्डसाहेबांना दुसरी सतरंजी काढावी लागली. गार्डीणबाई मात्र आपल्याच घरातल्या त्या पेटीसमोर बसल्या त्या महिन्याभराने. गाणं सुरू झालं आणि भिंतीला टेकून त्यांना झोप लागली. कोणी उठवलं नाही. चहा त्या दिवशी गार्डसाहेबांनी केला, आणि तो फार गोड झाला होता.